अबुएलोला सगळ्या भाषा कळतात

आमच्या गावात डिसेंबर लागला की डोंगरातल्या गुहेतून एक म्हातारा खाली उतरायचा. उंची बारा फूट. हे माप माझं. बाबांच्या मते तो पाच फूट दोन इंच होता, पण बाबा पडले इंजिनियर, त्यातून पुण्याचे, म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुरुस्त करणारे. दोन्ही मापं इथं लिहून ठेवते, पुढं लागणार आहेत. अंगावर बोकडाचं कातडं, तोंडावर चामड्याचा मुखवटा, त्याला घोड्याच्या शेपटीची दाढी, आणि हातात असा आसूड, की तो डोंगरावर कडाडला की खाली आमच्या फडताळातल्या कपबशा एकमेकींना बिलगायच्या. त्याला सगळे अबुएलो म्हणत. स्पॅनिशमध्ये अबुएलो म्हणजे नुसतं आजोबा. पण 'आजोबा आले' म्हटल्यावर आमच्या गावातलं पोर मांडीवर बसायला धावत नसे. पलंगाखाली जात असे.

गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव अजून आहे आणि तिथं मला ओळखणारी माणसंही अजून आहेत. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला, सात हजार फुटांवर, मातीच्या भिंतींची चाळीस घरं, एक चर्च, शेतांना पाणी नेणारा एक पाट, आणि मागं तो डोंगर, जो रोज संध्याकाळी कुणीतरी कापल्यासारखा लाल व्हायचा. थंडी अशी की शेजारचा कुत्रा सकाळी भुंकायला तोंड उघडी ते दुपारी ऊन आल्यावर मिटी. तिथल्या लोकांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी स्पेनहून मेक्सिकोमार्गे आले होते. ते म्हणत, "आम्ही अमेरिकेत आलो नाही, अमेरिका आमच्या अंगणात आली." आम्ही मात्र आलो होतो. बाबांना डोंगरापलीकडच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि शांतता हवी म्हणून त्यांनी घर घेतलं ते या गावात. शांतता त्यांना मिळाली. आईला इतकी मिळाली की तिनं बोलणंच टाकलं.

आई भिवापूरकडची, मिरचीच्या मुलखातली. आणि या गावात तर प्रत्येक दाराला माणसाच्या उंचीची लाल मिरच्यांची माळ टांगलेली. दुसरी कुणी असती तर माहेर सापडल्यासारखी नाचली असती. आई त्या मिरच्यांकडे पाठ करून खिडकीत बसायची, गळ्यातल्या तुळशीच्या माळेचे मणी चाचपत. तिचं घराणं माळकरी. मांस-मच्छी तर सोडाच, ज्या तव्यावर बाबांनी एकदा अंडं टाकलं तो तवा तिनं पाटाच्या पाण्यात सात दिवस बुडवून ठेवला होता. (तीन दिवस. पण सात वाटले.) दिवसभरात तिचे शब्द मोजले तर भरायचे अकरा, त्यातले चार "जेवून घे" आणि "दार लाव" यांतच संपायचे. एकदा भिंतीपलीकडून बाबांचा आवाज ऐकला, "हा हिवाळा असाच गेला तर मार्चमध्ये तुम्हां दोघींना नागपूरला सोडून येतो. मी राहीन एकटा." मी अंथरुणात ताठ झाले. मी तेव्हा दहा वर्षांची, तीन महिन्यांत गावातल्या पोरांकडून स्पॅनिश उचललेली, आणि माझ्या आजोबांकडे चौदा हत्ती होते असं सांगून शाळेची अनभिषिक्त राणी झालेली. हे राज्य सोडून मी नागपूरच्या कुठल्या वर्गात चाळीस मुलींत मागच्या बाकावर जाऊन बसू?

अशात एके दिवशी फेमामावशी आली. तिचं खरं नाव एउफेमिया. ते आईच्या जिभेला पेलेना, म्हणून पुढं ती मावशी झाली. पाटापलीकडच्या घरात एकटी राहायची. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, मुलं शहरात. सत्तरीची, बुटकी, रुंद, उजव्या पायानं थोडी लंगडणारी. भट्टीतल्या भाकरी काढून काढून मनगटांवर भाजल्याचे डाग, कमरेला जपमाळ. हातात भरतकामाच्या फडक्यानं झाकलेली ताटली. ताटलीत चांदण्यांच्या आकाराची बिस्किटं, वरून साखर-दालचिनी. बिस्कोचितो म्हणतात त्यांना. नाताळात तिथं ती घरोघर होतात. घरभर बडीशेपेचा वास सुटला आणि आई खिडकीतून उठली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, कुणी न सांगता, आपणहून उठली.

"विचार तिले," आई म्हणाली, "यात काय काय घातलं?"

मी विचारलं. फेमामावशीनं बोटं मोजत अभिमानानं सांगितलं. मैदा, साखर, बडीशेप. मग डुकराची चरबी, घरच्या डुकराची, स्वतः कढवलेली. एक अंडं. आणि नवऱ्याच्या कपाटातली चमचाभर ब्रँडी. म्हणजे एवढ्याशा चांदणीत आमच्या कुळाचं तिन्ही बाजूंनी वाटोळं.

"काय म्हणून राहिली गं ते?" आईनं विचारलं. तिचा हात ताटलीवर थबकलेला होता. मी त्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. मला मार्च महिना दिसला.

"साखर, बडीशेप," मी म्हणाले, "आणि साजूक तूप."

आईनं चांदणी तोंडात टाकली. डोळे मिटले. "माय गं," ती म्हणाली, "नानकटाईच." आणि तिच्या डोळ्यांतून असं पाणी आलं की... जाऊ द्या, पाटाला पूर आला म्हणून लिहिणार होते. थोडंसंच आलं. पण आलं.

आता अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, वेस्ट विंडसरमध्ये, माझ्या शेजारी डिसेंबरात ड्राइव्हवेवर कागदी पिशव्यांचे दिवे मांडतात. आत वाळू आणि बॅटरीवरची मेणबत्ती; वारा आला तरी विझत नाही, त्यामुळे पाहावंसंही वाटत नाही. परवा ते बघून मी नातीला हे सगळं सांगत होते. इरा तेरा वर्षांची आहे. ती फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "आजी, बट दॅट्स सो मीन. तू तिला पोर्क खायला घातलंस?" मी म्हणाले, मी घातलं नाही, मी फक्त भाषांतर केलं. ती म्हणाली, "दॅट्स वर्स." या मुलीला कुणीतरी वकील करा.

त्या बिस्किटानंतर दोघी बायका अशा जमल्या की विचारू नका. आईला स्पॅनिश शून्य, इंग्रजी अडीच वाक्यं. फेमामावशीला मराठी शून्य, इंग्रजी दोन वाक्यं, आणि त्यांतलं एक शिवी होतं. मध्ये मी. सगळी वाहतूक माझ्या पुलावरून. आणि पूल म्हटला की टोल आलाच. फेमामावशी म्हणायची, "तुमच्या छपरावर बर्फाआधी माती थापा, नाहीतर गळेल," तर मी आईला सांगायचे, "ती म्हणते, या खोऱ्यात तुझ्याइतकी देखणी बाई नाही, आणि छपराला माती थाप." आई म्हणायची, "तिच्या कुत्र्याले आवर म्हणावं, अंगणात घाण करून राहिला," तर मी पलीकडे पोचवायचे, "आई म्हणते, तुमचा कुत्रा सिंहासारखा आहे. बांधून ठेवला तर अजून शोभेल." दोघी खूश. वर्षभरात आई मक्याच्या पानात पीठ भरून वाफवायला शिकली, "पातोळ्याच की!" म्हणत, आत बटाटा-मिरची घालून. फेमामावशी ठेचा शिकली. आई हसायला लागली, गाणं गुणगुणायला लागली, बाबांशी भांडायलासुद्धा लागली. नागपूरचं नाव निघेनासं झालं. दर पंधरा दिवसांनी पाटापलीकडून चांदण्यांचा डबा यायचा, आणि आई संध्याकाळचा हरिपाठ झाला की माळ कपाळाला लावून त्यातलं एक खायची. रोज एक. मी बघत बसायचे. रोज एक.

दुसरा डिसेंबर आला. फेमामावशीच्या अंगणात बायका नाताळचा मका शिजवत होत्या. मोठ्या हंड्यात फुगलेले पांढरे दाणे, लाल मिरचीचा रस्सा आणि डुकराचं मांस. एकीनं वाडगा आईपुढं केला. आईनं हात जोडले, मान हलवली, माळेला हात लावला. फेमामावशीनं ते पाहिलं. मग तिनं शेजारच्या ताटलीतली चांदणी पुढं केली. आईनं हसून घेतली, खाल्ली. फेमामावशी थांबली. हातातल्या डावाचं टोक हंड्यावरच राहिलं, रस्सा थेंब थेंब गळत.

"मिहिता," ती मला म्हणाली. म्हणजे पोरी. "तुझी आई डुकराचं मांस खात नाही. मग हे कसं खाते?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले. "मांस नको. बिस्किट चालेल."

"कुठल्या डॉक्टरनं?"

"भारतातल्या. फार मोठा डॉक्टर आहे. त्याच्याकडे चौदा हत्ती आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. हत्तींवर तिनं आजवर कधी शंका घेतली नव्हती. त्या दिवशी तिचे डोळे मी पहिल्यांदा नीट पाहिले. बर्फ पडायच्या आधीच्या आभाळाचा रंग. तिनं आईकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. तिला विचारायचं होतं, पण आईला काहीही विचारायचं तर ते माझ्याच तोंडून जाणार होतं. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"यंदा अबुएलो खाली येणार आहे. तीन वर्षं आला नव्हता. जपून राहा, मिहिता. त्याला सगळ्या भाषा कळतात."

नाताळाआधी नऊ संध्याकाळी तिथं पोसादा होते. मेरी आणि जोसेफ निवाऱ्यासाठी दारोदार फिरले, तसे गावकरी रोज एका घरापुढं जातात, बाहेरून गाऊन जागा मागतात. आतले गाऊनच 'नाही' म्हणतात. बऱ्याच विनवण्यांनंतर दार उघडतं आणि सगळे आत जाऊन जेवतात. घरापुढं लाकडाच्या चळतीची शेकोटी पेटते. आणि त्या शेकोट्या दिसल्या की डोंगरातून अबुएलो निघतो, रोज थोडा खाली, पोरांचा हिशेब घ्यायला. पोरगं गुडघ्यावर बसवून प्रार्थना म्हणवून घेतो, शेकोटीभोवती नाचवतो, आणि वर्षभरात काय केलंस ते विचारतो. त्याला ते आधीच माहीत असतं. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडचा बडग्याच." नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत-बडग्या काढतात, गावातली सगळी पीडा त्यांच्याबरोबर घालवून देतात. "पण आपला बडग्या जाते," आई विचार करत म्हणाली, "हा येते."

पहिल्या संध्याकाळी आसूड वाजला तो वर गुहेजवळ. लांब, बारीक, लाकूड फुटल्यासारखा. दुसऱ्या संध्याकाळी कड्याखाली. तिसऱ्या संध्याकाळी वारा पडला होता आणि आवाज आला तो दफनभूमीतून. मी घसा बसल्याचं सोंग केलं. आवाजच नाही म्हटल्यावर भाषांतर कसलं? फेमामावशी आली, काहीतरी म्हणाली, आईनं माझ्याकडे पाहिलं, मी गळ्यावर हात ठेवला. त्या दोघी माझ्या दोन्ही बाजूंना मुक्या बसून राहिल्या. फेमामावशी माझ्याकडे बघत होती. आई तिच्याकडे बघत हसत होती, आणि हातात चांदणी होती.

चौथ्या दिवशी मी घरातला बिस्किटांचा डबा उचलला आणि मागच्या अंगणात बर्फात पुरला. पुरावाच नको. सकाळी उठून पाहते तर कोयोटेनं, म्हणजे तिथल्या रानकोल्ह्यानं, डबा उकरलेला, झाकण उडवलेलं, आणि चांदण्या आमच्या मागच्या दारापासून थेट डोंगराच्या दिशेनं एकेक पडलेल्या. अर्धी चांदणी, दोन हात बर्फ, अर्धी चांदणी. जणू कुणाला तरी आमच्या घराची वाट सापडावी म्हणून कुणी मांडून ठेवली होती. शेवटच्या चांदणीपाशी एक कावळा बसला होता, मांजराएवढा. (हे खरं आहे. तिथले कावळे तेवढेच असतात.) तो उडाला नाही. मी वेचत वेचत गेले, तोही डोकं वळवून माझ्याकडे बघत राहिला, डॉक्टरकडे हत्ती आहेत हे ऐकून घेणाऱ्या चेहऱ्यानं.

पाचव्या संध्याकाळी आसूड चर्चमागं. सहाव्या संध्याकाळी पाटाच्या कडेला, आणि त्या वेळी मला पावलंही ऐकू आली. एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं. सातव्या संध्याकाळी काहीच वाजलं नाही, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. आठवी संध्याकाळ आमच्या घराची होती.

आई सकाळपासून राबत होती. बिनमांसाचा मका, बटाट्याच्या पातोळ्या, भजी, मिरचीचा ठेचा. अंगणाच्या भिंतीवर मी आणि बाबांनी कागदी पिशव्यांत वाळू घालून मेणबत्त्या लावल्या; बाबांनी दोन पिशव्यांतलं अंतर पट्टीनं मोजलं. अंधार पडता पडता गाणं ऐकू आलं. दाराबाहेर सगळं गाव, पुढं गाढवावर बसलेली मुलगी, मेरी झालेली. आतले आम्ही, आणि आमच्यासोबत नकार गायला आलेल्या तीन शेजारणी. आईला त्यांच्याबरोबर 'नाही' म्हणायचं होतं. तिला ते जमेना. "दारी आलेल्या दोन जिवांच्या बाईले नाही कसं म्हणू?" ती मला विचारत होती, माझं मनगट घट्ट धरून. शेजारणी गात होत्या, आई ओठ मिटून उभी होती. शेवटी दार उघडलं तेव्हा सगळ्यांत आधी सुटकेचा श्वास तिनं सोडला. गाव आत आलं, खायला लागलं. मी माणसं मोजली. एक कमी होती.

"फेमामावशी कुठं?" आईनं विचारायला लावलं.

"गुडघा धरलाय," कुणीतरी सांगितलं. "झोपलीय."

तेवढ्यात अंगणात आसूड कडाडला. इतक्या जवळ, की छताच्या ओंडक्यांतून माती गळली. पोरं किंचाळली, मोठी माणसं हसत हसत त्यांना बाहेर घेऊन गेली. शेकोटीपलीकडे तो उभा होता. ज्वाळांच्या हवेत तो हलत होता, लांबत होता, आखडत होता. बारा फूट, शपथेवर. त्यानं धाकट्या पोरांना गुडघ्यावर बसवलं, प्रार्थना म्हणवून घेतली, शेकोटीभोवती फिरवलं. आवाज रिकाम्या मडक्यातून यावा तसा. पोरं रडत रडत हसली, आयांच्या कुशीत गेली. मग त्यानं आसुडाची मूठ माझ्याकडे केली.

मी पुढं गेले, गुडघे टेकले. बर्फ गुडघ्यांतून आत शिरलं. लाकडं तेवढी तडतडत होती. आई माझ्यामागं शालीत हात गुंडाळून उभी होती, हसत, कारण तिला वाटत होतं आता मी प्रार्थना म्हणणार.

त्यानं मला प्रार्थना विचारली नाही. माझ्या डोक्यावरून आईकडे बघत तो स्पॅनिशमध्ये म्हणाला, "बाई, तुझ्या पोरीनं तुझ्या तोंडात काय घातलंय ते तिलाच विचार."

"काय म्हणून राहिला गं तो?" आईनं विचारलं.

आजवर जगात कुठल्या दुभाष्यावर ही पाळी आली असेल ते मला माहीत नाही. माझ्यावरचा आरोप, माझ्याच तोंडून, माझ्याच आईला सांगायचा. मी मान वळवली. "तो म्हणतो," मी सुरुवात केली, "या घराला सुख लाभो, आणि या बाईसारखी सुगरण..."

आसूड माझ्या गुडघ्यांपुढं बर्फावर पडला. वीतभर अंतरावर. बर्फ फाटलं, खालची काळी माती दिसली. त्याला मराठीचा एक शब्द कळत नव्हता, हे आज मला कळतं. पण माझं खोटं कसं ऐकू येतं, ते त्याला वर्षभर ऐकून पाठ झालं होतं.

"आई," मी म्हणाले. "चांदण्यांत तूप नाहीये. चरबी आहे. डुकराची. अंडंपण आहे. पहिल्या दिवसापासून. तिनं सांगितलं होतं. मी तुला खोटं सांगितलं." मग तेच सगळं मी स्पॅनिशमध्ये म्हणाले, मोठ्यानं, कारण आसूड अजून वर होता. गावात कुणी हसलं नाही. एका बाईनं छातीवर क्रूस काढला.

आईनं शालीतून हात बाहेर काढले, गळ्यातली तुळशीची माळ डोक्यावरून काढली, मुठीत घेतली. माळेविना तिचा गळा इतका उघडा दिसला की मी नजर खाली घातली. ती वळली, घरात गेली आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

अबुएलोचा हात खाली आला. आसूड गळून पडला. तो उचलायला तो माझ्याशेजारी वाकला तेव्हा बोकडाच्या कातड्याच्या उग्र वासाखालून दुसरा एक वास आला. बडीशेपेचा. कातड्याच्या बाहीतून मनगट निघालं. त्यावर भाजल्याचे डाग. मुखवट्याच्या भोकांतून बर्फ पडायच्या आधीचं आभाळ माझ्याकडे बघत होतं, आणि ते ओलं होतं. मग तो उठला आणि पाटाच्या दिशेनं निघाला, एक जड पाऊल, एक हलकं. गावानं वाट दिली. कुणी काही म्हणालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तिचा नवरा तीस वर्षं अबुएलो व्हायचा, कातडं आणि मुखवटा त्याचाच, हे मला फार पुढं कळलं. बाई कधीच अबुएलो होत नाही, हेही.

"पाच फूट दोन," बाबा माझ्या शेजारी हलकेच म्हणाले. पण त्यांनी मला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही, पाणी घेतलं नाही. माळ देवापुढच्या ताटलीत ठेवलेली. खिडकीत बसली ती थेट पहिल्या वर्षासारखी, आणि वर्षभरात साठलेले सगळे शब्द एका रात्रीत गेले. दुपारी तिनं एकच वाक्य म्हटलं, भिंतीला. "मले घरी जायचं आहे." बाबा म्हणाले, "मार्चपर्यंत..." ती म्हणाली, "उद्या." बाबांनी माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. बॅगेचं कुलूप उघडल्याचा तो आवाज मला अजून आसुडापेक्षा मोठा वाटतो.

ऊन कलतं झालं तशी आई उठली. भरल्या थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं. लुगड्यावर बाबांचा ओव्हरकोट चढवला, पायांत बाबांचे रबरी बूट. माळ उचलली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधली. दार उघडून निघाली. मी मागं धावले. ती कुठं निघाली हे कळत होतं, आणि तिथं माझ्यावाचून तिचं चालणार कसं? तिनं थांब म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. पाटावरच्या फळीवरून आम्ही पलीकडे गेलो, आई पुढं, मी मागं, तिच्या बुटांच्या खड्ड्यांत पाय टाकत. सगळ्या गावात नवव्या संध्याकाळचे दिवे लागत होते. प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक छपरावर, वाळूत रोवलेल्या मेणबत्त्या, एकही डोळा न मिटणाऱ्या.

आईनं दार वाजवलं. आतून लंगडं पाऊल आलं. दार उघडलं. फेमामावशीच्या चेहऱ्यावर काय होतं ते आईच्या कोटामागून मला दिसलं नाही. मी पुढं सरकले, घसा खाकरला.

"तू बाहेर थांब," आई म्हणाली.

"पण आई, तुला तिचं..."

"बाहेर थांब."

दार लागलं. मी त्या मातीच्या घरापुढं दोन तास उभी होते. दोनच तास, वाढवून सांगत नाही. पाय आधी दुखले, मग दुखायचे थांबले, आणि त्याची जास्त भीती वाटली. खालून पोसादा निघाली. गाढव, मेरी, कंदील. लोक शेवटच्या दाराशी जागा मागत गात चालले होते. मला ओळखून एकदोघांनी पाहिलं. कुणी हाक मारली नाही. आतून आवाज येत होते. आधी आईचा, उंच, मराठीत. आई असं ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं. मग फेमामावशीचा, स्पॅनिशमध्ये, तुटक. मग बराच वेळ काहीच नाही. मग दोघींचा एकदम. मी भिंतीला कान लावला. मातीची भिंत दोन फूट जाड असते. तिच्यातून आवाज येतो, शब्द येत नाही.

तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. आयुष्यात मी राईचे पर्वत केले, पर्वतांना पाय फोडले, चौदा हत्तींचे आता पन्नासेक झालेत, आणि इराच्या मुलांपर्यंत ते शंभर होतील. पण त्या दोन तासांतलं एक वाक्य मला कधी रचता आलेलं नाही. बसते, लेखणी उचलते, भिंत लागते.

दार उघडलं तेव्हा आतून तुपाचा वास आला, खऱ्या तुपाचा, कढवून जरा करपलेल्या. आई बाहेर आली. कोपरापर्यंत पीठ, डोळे सुजलेले. पदराची गाठ सुटलेली होती, आणि माळ तिच्या गळ्यात होती. पदर तसाच नीट डोक्यावर होता. माळ तिनं स्वतः घातली असती तर पदर सरकला असता. माळेच्या दोन मण्यांवर पिठाचे बोटांचे ठसे होते, जाड, आखूड बोटांचे.

आई माझ्या अंगावरून पुढं गेली. आम्ही पाटाजवळ पोचलो तेव्हा मागून फेमामावशीनं दारातून हाक दिली, स्पॅनिशमध्ये. पाटावरच्या फळीवर बर्फ धरलंय, डाव्या बाजूनं चाल, असं ती म्हणत होती. मी थांबले. शब्दाला शब्द, एक मात्रा इकडची तिकडं न करता सांगायला मी तयार होते. तोंड उघडलं होतं.

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती वळली, फेमामावशीकडे हात वर केला, आणि मराठीत मोठ्यानं म्हणाली, "हो हो, उद्या येतो!" मग फळीवर चढली. डाव्या बाजूनं.

बॅगा पुन्हा माळ्यावर गेल्या. त्या गावात आम्ही पुढं नऊ वर्षं राहिलो. त्या नऊ वर्षांत आईनं मला, कुणाबद्दलही, कधीही, "काय म्हणून राहिली गं ते?" असं विचारलं नाही.